मिस ऑगस्टाच्या दारावरची लाल पानं

आमच्या काउंटीतल्या गाडी चालवणाऱ्या निम्म्या लोकांना मी एकदा तरी नापास केलेलं आहे. हे मी फुशारकीने सांगत नाही, नोकरीच तशी आहे. लायसन्स ऑफिसात ड्रायव्हिंगची परीक्षा घेणारा तो मी, वेंडेल टॅकेट. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर पॅड ठेवायचं, आणि 'थांबा'च्या पाटीपाशी पोराने गाडी पुरती न थांबवता नुसती हळू केली की फुली मारायची. अशा माणसाशी अलाबामातल्या छोट्या गावात लोक जपून वागतात. चर्चमध्ये माझ्या बाकावर नेहमी ऐसपैस जागा असते. सांगायचा मुद्दा, मला थोडी का होईना, पण प्रतिष्ठा होती. तिचं काय झालं ते आता सांगतो, म्हणजे निदान माझी बाजू एकदा मांडून होईल. गावात ती कोणी ऐकून घेत नाही.

आमची एकुलती एक एमलिन उन्हाळा संपता संपता कॉलेजला गेली. तासाभराचा रस्ता. ऑक्टोबरात एका शनिवारी ती कपड्यांचं गाठोडं धुवायला घेऊन घरी आली आणि जेवायला बसली. माझ्या बायकोने, ऱ्होंडाने, तळलेला मासा आणि कॉर्नब्रेड केला होता. पोरगी जेवत होती, वाढून घेत होती, पुन्हा जेवत होती.

"तिथे पोटभर देत नाहीत का गं?" ऱ्होंडाने विचारलं.

"देतात की. पण एकटीने जेवायला कंटाळा येतो."

तिची खोलीतली सोबतीण घरच्या आठवणीने रडून रडून सप्टेंबरातच परत गेली होती. तेव्हापासून एमलिन ताट घेऊन खिडकीपाशी बसायची आणि समोर पुस्तक उघडून ठेवायची. "म्हणजे लोकांना वाटतं, मला अभ्यास आहे म्हणून मी एकटी बसलेय," ती म्हणाली आणि हसली. मला काही हसू आलं नाही. माझ्या हातातला कॉर्नब्रेड हातातच राहिला.

यावर तिला एकच उपाय दिसत होता, सोरॉरिटी. तिच्या कॉलेजात ग्रीक अक्षरांच्या नावांची मुलींची अशी पाच-सहा मंडळं आहेत. प्रत्येक मंडळाचं मोठं घर, एकत्र जेवण, आणि एकदा आत घेतलं की जन्मभर एकमेकींना बहीण म्हणायचं. निवड जानेवारीत. पण त्याआधी पहिल्या सत्राचे मार्क बघतात, आणि सरासरी ठरलेल्या रेषेच्या खाली गेली की दारातूनच परत. एमलिनची सरासरी त्या रेषेवर तोल सांभाळत उभी होती, आणि तिला खाली ओढत होता जीवशास्त्र हा विषय.

"रानातल्या झाडांची पानं जमवून, सुकवून, नावं लिहून द्यायचीत," ती म्हणाली. "त्यावर निम्मी ग्रेड आहे. आणि शनिवार-रविवारीच त्या घरांमध्ये चहा असतात, मॅच असतात. तिथे नाही गेले तर जानेवारीत मला ओळखणार कोण? गेले तर पानं राहतात. दोन्ही होत नाही, डॅडी."

"पानंच ना?" मी म्हणालो.

एवढंच म्हणालो. माणसाने जेवताना तोंडात घास ठेवावा तो यासाठी.

"पण डॅडी, तुम्हाला झाडांमधलं काय कळतं?"

"बावीस वर्षं मी या काउंटीच्या रस्त्यांवरून खिडकीबाहेर बघत फिरतोय," मी म्हणालो. वास्तविक मी बावीस वर्षं पोरांच्या पायांकडे बघत फिरलो होतो. पण बापाने एकदा छाती पुढे काढली की ती लगेच आत घेता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी शेजारच्या मिस ट्वायला ब्रॉडनॅक्स स्वयंपाकघराच्या दारातून आत आल्या. आमच्याकडे वयाने मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात. दार वाजवायची त्यांची पद्धत नाही. त्यांच्या तिन्ही मुली यातून पार पडलेल्या, त्यामुळे सोरॉरिटी या विषयात त्यांच्या शब्दापुढे आमच्या आळीत कोणी जात नाही. खुर्ची ओढून त्यांनी एमलिनला समोर बसवलं.

"पाच विषय तोंडातून काढायचे नाहीत. मुलगे, दारू, देव, राजकारण आणि पैसा. कळलं?"

"मग बोलायचं काय?" मी विचारलं.

"हवा."

"आणि हवा संपली की?"

"केस," मिस ट्वायला म्हणाल्या. "वेंडेल, तू मध्ये बोलू नकोस. तू पानांचं बघ."

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. सगळ्यांत नावाजलेलं घर म्हणजे पांढऱ्या खांबांचं. त्या घरच्या जुन्या सदस्यांपैकी कोणी शिफारस केली नाही तर नवीन मुलीच्या नावाकडे कोणी ढुंकून बघत नाही. आणि आमच्या गावात त्या घरची एकच जुनी सदस्य हयात, मिस ऑगस्टा पेटिग्रू. मिस ऑगस्टांच्या भाच्याला मी वसंतात नापास केलं होतं, आणि उन्हाळ्यात परत. गाडी मागे घेताना त्याने आमच्या ऑफिसचा झेंड्याचा खांब पाडला होता. पण असलं काही भाचे आत्यांना सांगत नाहीत.

तर पानं. मी पोतं घेऊन ओढ्याकाठी फिरायला लागलो. जमवणं सोपं, सुकवणं कठीण. समोरचे निवृत्त फुटबॉल कोच म्हणाले, इस्त्री फिरव. फिरवली. ऱ्होंडाच्या इस्त्रीला हिरवा चिकटा बसला आणि तिच्या कामाच्या पांढऱ्या ब्लाऊजवर ओकचं पान उमटलं, तेही नेमकं खिशावर. मिस ट्वायला म्हणाल्या, मायक्रोवेव्हमध्ये ठेव. ठेवली. घरभर जळक्या कोबीचा वास सुटला, आणि तो गेल्यावरसुद्धा पुढे कितीतरी दिवस कॉफीत येत राहिला.

मग मला स्वतःचीच एक युक्ती सुचली. ऑफिसात शिकाऊ चालकांना फुकट वाटायच्या नियमपुस्तिकांचे गठ्ठे पडून होते. कागद खरखरीत, ओल शोषून घेणारा. मी एकेका पुस्तिकेत एकेक पान घातलं, गठ्ठे रचले आणि वर फोटोच्या मशीनची जुनी पेटी ठेवली. आठवड्याने पानं अशी निघाली की दुकानात विकावीत. मी ती काढून घेतली आणि पुस्तिका वाटपासाठी परत खिडकीवर ठेवल्या. सरकारी वस्तूचा असा दुहेरी उपयोग आजवर कोणालाच कसा सुचला नाही, याचं मला नवल वाटलं.

याच दिवसांत कब्रस्तानाच्या कुंपणावर मला ती वेल दिसली. लालभडक, चकचकीत पानं. एका पानाला कीड नाही, एक फांदी कोणी मोडलेली नाही. इतकी सुंदर पानं रस्त्याच्या कडेला आणि कोणी हातसुद्धा लावत नाही, म्हणजे आमच्या गावाला सौंदर्याची दृष्टीच नाही, असं माझं मत झालं. मी पोतं भरून घेतलं. काही पुस्तिकांमध्ये घातली, आणि उरलेल्यांचं काय करायचं ते मिस ट्वायलांनीच मला आयतं सांगितलं.

"मिस ऑगस्टाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही. दाराला लावायला फुलापानांचं छानसं कडं न्यायला हवं. हाताने केलेलं असलं तर त्या विरघळतील."

मी गॅरेजचं दार आतून लावून घेतलं. तारेचं कडं केलं. ती लाल पानं तीन-तीनच्या झुपक्यात होती, ती दिसायला गिचमीड वाटली म्हणून एकेक सुटं केलं, कडांना सोनेरी रंग दिला आणि खाली पांढरी रिबीन बांधली. बाहेर आलो तेव्हा ऱ्होंडाने मिस ट्वायलांना हाक मारून बोलावलं. मिस ट्वायला म्हणाल्या, "वेंडेल! आणि आजवर आम्ही तुला नुसता फुल्या मारणारा समजत होतो!" ते कडं त्यांनी गाडीत मांडीवर घेतलं आणि रस्ताभर त्यावरून हात फिरवत राहिल्या. ऱ्होंडाच्या हातात घरच्या चीझ बिस्किटांचा डबा होता, म्हणून ती वाचली.

मिस ऑगस्टा खरोखर विरघळल्या. कडं दोन्ही हातांत धरलं, गालाशी नेलं, नाक खुपसून वास घेतला. "माझ्या लहानपणीच्या रानाचा वास!" त्या म्हणाल्या. "सोमवारी मी शिफारसपत्र लिहिते. अशा घरातली मुलगी आमच्याकडे यायलाच हवी." परत येताना मी गाडी चालवत शीळ घालत होतो. मी सहसा शीळ घालत नाही.

सोमवारी मिस ट्वायला आमच्याकडे आल्या नाहीत. मंगळवारी आल्या, त्या कोपरापर्यंत फोडांनी लाल झालेल्या. मांडीबद्दल त्या फक्त ऱ्होंडाशी बोलल्या. त्याच दिवशी ऑफिसात एक पोरगा परीक्षेला आला आणि त्याला सुजलेल्या बोटांनी चावीच धरता येईना. मग दुसरा आला. मग एक मुलगी आपल्या आईला घेऊन आली, आणि ती आई फारच मोठ्याने बोलणारी होती. आरोग्य खात्याचा माणूस तोंडाला फडकं बांधून आला, त्याला ढेकणांचा संशय. त्याने ऑफिसला कुलूप ठोकलं आणि आत फवारा मारला. राजधानीहून माझ्या साहेबांचा फोन आला.

"टॅकेट, तुमच्या ऑफिसात नक्की आहे तरी काय?"

"काहीही नाही, सर. मी रोज तिथे बसतो. बघा ना, मला काही झालंय का?"

साहेबांनी माझं पूर्ण नाव पुन्हा विचारून लिहून घेतलं. माझ्यावर संशय पहिल्यांदा घेतला गेला तो त्या वेळी, असं मला वाटतं.

मी मिस ऑगस्टांकडे चौकशीला गेलो. दारावर कडं नव्हतं. जाळीच्या दाराआड त्या उभ्या होत्या, आणि त्यांच्या तोंडावर गुलाबी लोशनचा एवढा जाड थर होता की ओळख आवाजावरूनच पटली.

"मिस्टर टॅकेट, माझ्या भाच्याला नापास केलंत ते मला ठाऊक आहे. त्याने खांब पाडला, ठीक आहे. पण मी तुमचं काय पाडलं होतं?"

"मॅडम, ती साधी मेपलची पानं..."

"माझे हात सुजलेत," त्या म्हणाल्या. "पत्र लिहिणं व्हायचं नाही." आणि आतलं लाकडी दारही लागलं.

त्या शुक्रवारी एमलिन पानं न्यायला आली. जेवणाच्या टेबलावर मी सगळा संग्रह मांडून ठेवला होता. खाली माझ्या अक्षरात नावं. ती बघत बघत गेली, एका जागी थांबली, ओट्यावरून चिमटा आणला आणि त्याने एक पान उचललं.

"डॅडी, इथे 'मेपल, लाल, लहान जात' लिहिलंय."

"हो."

"ही पानं तीन-तीन होती का?"

"होती. मी सुटी केली. व्यवस्थित दिसावीत म्हणून."

"डॅडी, ही पॉयझन आयव्ही आहे."

आमच्याकडे चालायला लागलेल्या पोराला सुद्धा ही वेल दाखवून ठेवतात. हात लागला की पंधरवडा खाजवत बसावं लागतं. ती पानं दाबलेल्या नियमपुस्तिका ज्या पोरांच्या हाती गेल्या, त्यांचंही तेच झालं होतं. मला ती का ठाऊक नव्हती याला सबळ कारण आहे. ज्या वर्षी सगळी मुलं कॅम्पला जाऊन हे शिकली, त्या वर्षी मला गालगुंड झालं होतं. आणि काही थोड्या लोकांना त्या वेलीचं काहीच होत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. मी त्या थोड्यांपैकी निघालो. आयुष्यात एका बाबतीत देवाने मला वेगळं काढलं, ते हे.

ऱ्होंडाने हातातला चहाचा ग्लास खाली ठेवला. "वेंडेल," ती म्हणाली.

एमलिनने बाकीची पानं तपासली. 'ओक' म्हणून लिहिलेल्यांत ओक एकच होता. एक पान मिस ट्वायलांच्या बागेतल्या कॅमेलियाच्या झुडपाचं होतं. आणि एक आमच्या ऑफिसातल्या प्लास्टिकच्या झाडाचं निघालं. ते कितीही दाबलं तरी सुकेना, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. एमलिन हसायला लागली. हसत हसत ती जमिनीवरच बसली आणि बघता बघता तिचं हसण्याचं रडणं झालं.

"पुढच्या शुक्रवारी द्यायचीत ती. आणि उद्या पांढऱ्या खांबांच्या घरी चहा आहे."

मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी उठून प्लास्टिकचं पान कचऱ्यात टाकून आलो. दुसरं काही करण्यासारखं दिसेना. परत आलो तर ती डोळे पुसून उभी होती.

"ही माझी नव्हतीच ना डॅडी. माझ्या नावावर कशी दिली असती? मीच जमवते."

"आणि चहा?"

"नाही जात चहाला."

दारामागे ऱ्होंडाने महिनाभर खपून शिवलेला निळा ड्रेस टांगलेला होता. ऱ्होंडा स्वतः कॉलेजात गेलेली नाही, शाळा सुटली ती दाताच्या दवाखान्यात नोकरीला लागली. त्या ड्रेसच्या शिवणीत तिने काय काय घातलं होतं ते मला माहीत होतं. तिने ड्रेसकडे बघितलं, मग लेकीकडे.

"ड्रेस कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "बूट घाल. जाड घाल, ओढ्याला चिखल असेल."

शनिवारी एमलिन गाडी चालवत होती आणि मी सवयीने शेजारच्या सीटवर. ती मध्येच थांबायची, इशारा न देता, अर्धी गाडी रस्त्यावर ठेवून उतरायची. एरवी मी पानभर फुल्या मारल्या असत्या. "हा स्वीटगम. पान चांदणीसारखं असतं, बघा." "हा सॅसाफ्रास. याच्या एकाच झाडाला तीन आकारांची पानं येतात." नाव सांगताना ती पुस्तकात बघत नव्हती. मला वाटलं होतं की पोरीला हा विषय जड जातोय. तिला विषय येत होता, तिला नुसता शनिवार मिळत नव्हता. मी पोतं धरून मागे मागे चालत होतो, मला कशालाही हात लावायची मनाई होती, आणि सांगायला लाज वाटते, पण मी खूप खूश होतो. पानं घरच्या वर्तमानपत्रांत दाबली. ऑफिसला अजून कुलूपच होतं.

डिसेंबरात निकाल लागला. जीवशास्त्रात 'बी' ग्रेड मिळाली आणि सरासरी रेषेच्या वर निघाली, अगदी केसभर. ऱ्होंडा ओरडली ती ऐकून समोरचे कोच बॅट घेऊन धावत आले.

जानेवारीत निवडीसाठी मुली एकेका घरी गप्पांना जातात, त्यातल्या पहिल्याच फेरीनंतर पांढऱ्या खांबांच्या घराने एमलिनला वगळलं. शिफारस नाही, चहाला आली नाही, ओळखतं कोण! मिस ट्वायला डोक्याला ओला रुमाल लावून आडव्या झाल्या. मी त्या रात्री जेवलो नाही. पोरगी पुन्हा त्या खिडकीपाशी जाऊन बसणार, आणि तेही माझ्यामुळे, याखेरीज दुसरा विचार डोक्यात येईना. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"डॅडी, तुमची गोष्ट कोणाला सांगितली तर चालेल का?"

"कुठली गोष्ट?"

"म्हणजे, सांगून झालीय."

कोपऱ्यावर एक विटांचं घर आहे, त्याला खांब वगैरे काही नाहीत. तिथे तिच्यासमोर बसलेली मुलगी सकाळपासून सगळ्यांशी हवेबद्दल बोलून पार थकली होती. हवा झाली. केस झाले. वेळ तर उरलेला. पाच विषय बंद. "मग मी म्हटलं, माझ्या डॅडींनी अर्ध्या काउंटीला खाज लावली," एमलिन म्हणाली. "ती म्हणाली, काय? मग मी सगळं सांगितलं. प्लास्टिकच्या पानापर्यंत आले तर तिने दुसऱ्या मुलींना बोलावलं आणि म्हणाली, पहिल्यापासून सांग."

"सगळं सांगितलंस?"

"मांडीचं नाही सांगितलं."

हे ऐकल्यावर मिस ट्वायला उठून बसल्या. त्यांनी बोटांवर पाचही विषय मोजले आणि जाहीर केलं की बाप त्यांत येत नाही.

निवडीच्या शेवटच्या दिवशी आम्ही कॉलेजच्या हिरवळीवर इतर आईबापांत उभे होतो. सगळ्या मुलींच्या हातात बंद पाकीट. इशारा झाला की फोडायचं आणि आपापल्या घराकडे पळत सुटायचं. एमलिनने निळा ड्रेस घातला होता. पाकिटं फुटली, एकच किंकाळी उठली, मुली चारी बाजूंना धावल्या. एमलिन तिथेच उभी, चिठ्ठी वाचत. मग तिने बूट काढून हातात घेतले आणि कोपऱ्यावरच्या विटांच्या घराकडे अशी पळाली की मला 'वेगमर्यादा' असं ओरडावंसं वाटलं. ऱ्होंडा रडत होती. मीही रडत होतो, पण माझ्याकडे कोणी बघत नव्हतं.

आम्ही मागून पोचलो तेव्हा घरासमोर तीस-चाळीस मुली एमलिनला मिठ्या मारत होत्या. त्यांच्यातली एक उंच मुलगी पुढे आली. ती घराची अध्यक्ष. तिने दोन्ही हातांत स्वयंपाकघरातले जाड हातमोजे चढवलेले.

"मिस्टर टॅकेट का आपण?" तिने अदबीने विचारलं आणि हात पुढे केला. "क्षमा करा सर, पण आम्हाला खबरदारी घ्यावी लागते."

सगळं घर हसलं. बावीस वर्षांची माझी प्रतिष्ठा तिथे त्या पायऱ्यांवर पडली होती. मी तो हातमोजा हातात घेतला आणि चांगला दाबून हलवला.

एवढ्यात आतून घंटा वाजली. जेवण वाढलं होतं. मुली दारातून आत घुसायला लागल्या. आतल्या लांब टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "एमलिन, लवकर ये गं! तुझी जागा धरून ठेवलीय!" आणि आमची लेक, जिच्यासाठी मी काउंटीभर बदनाम झालो, ती आम्हाला 'येते' असंही न म्हणता आत पळाली.

"साधा निरोपसुद्धा घेतला नाही," मी गाडीकडे जाताना म्हणालो.

"नाही घेतला," ऱ्होंडा म्हणाली.

दोघंही हसत होतो. परतीच्या वाटेवर 'थांबा'च्या पाटीपाशी मी गाडी नुसती हळू केली, थांबवली नाही. ऱ्होंडाने बघितलं आणि हवेत बोटाने एक फुली मारली.